आवड बदलली की ऐकणारे बदलले? जॉन पीलच्या यादीची गोष्ट

संशोधनाचा विषय शोधणारे विद्यार्थी मला एक प्रश्न बऱ्याचदा विचारतात. 'आवड' या गोष्टीचा इतिहास लिहिता येतो का? राजांचा लिहिता येतो, संस्थांचा येतो, गायकांचा आणि वादकांचाही येतो. पण ऐकणाऱ्यांचा? माझं पीएचडीचं काम ऐकणाऱ्यांवरच आहे, तेव्हा माझं उत्तर 'हो' असणार हे उघड आहे. फक्त त्या वाटेवर खडी बरीच आहे. ती नेमकी कुठे टोचते, हे आज एका उदाहरणावरून दाखवते.

प्रश्न अगदी साधा घेऊ. माणसाचा गाण्यांचा संग्रह कधीतरी थांबतो. घरातला कॅसेटचा किंवा सीडीचा डबा काढून बघा, बहुतेक डब्यांना एक शेवटचं वर्ष असतं. त्यानंतर नवे बँड निघाले नाहीत असं नाही. या डब्यात आले नाहीत, एवढंच. मग जुन्या संग्रहात नवं येतं ते कसं? आणि येत नाही तेव्हा अडतं कुठे?

यावर सगळ्यात जास्त दिलं जाणारं उत्तर वयाचं आहे. १९८९ साली मॉरिस हॉलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १६ ते ८६ वयाच्या १०८ लोकांना २८ गाण्यांचे छोटे तुकडे ऐकवले. गाणी १९३२ ते १९८६ या काळात गाजलेली होती. कोणतं किती आवडलं, ते लोकांनी नोंदवायचं. निष्कर्ष असा निघाला की आपण साधारण २३.५ वर्षांचे असताना जी गाणी गाजत असतात, ती आपल्याला सर्वात जास्त आवडतात. हा आकडा तेव्हापासून फिरतो आहे, आणि फिरता फिरता त्याचा अर्थ "पंचविशीनंतर माणसाचे कान बंद होतात" असा झाला आहे.

मूळ अभ्यास असं म्हणत नाही. तो एका वेळचा फोटो आहे. त्या क्षणी कोणाला काय आवडतं हे त्यात दिसतं; तिथपर्यंत तो माणूस कसा पोचला, वाटेत त्याच्यापर्यंत नवं काही आलं होतं का, हे दिसत नाही. फोटोवरून चालण्याचा वेग काढू नये. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा ठिकाणी काळाच्या ओघात पसरलेलं साधन लागतं. म्हणजे त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षं विचारलेला तोच प्रश्न. असं साधन क्वचित मिळतं. ब्रिटनमधल्या एका रेडिओ कार्यक्रमाने ते नकळत तयार करून ठेवलं आहे.

जॉन पील (१९३९–२००४) हा बीबीसी रेडिओ वनचा निवेदक. मूळ नाव जॉन रेव्हन्सक्रॉफ्ट, लिव्हरपूलजवळचा. काही वर्षं अमेरिकेत रेडिओवर काम करून परतला, १९६७ मध्ये समुद्रातल्या जहाजावरून चालणाऱ्या 'रेडिओ लंडन' या विनापरवाना केंद्रावर गाजला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस रेडिओ वन सुरू झालं तेव्हा तिथे दाखल झाला. मरेपर्यंत, म्हणजे तब्बल ३७ वर्षं, तो तिथेच होता. दिवसभर रेडिओ वनवर चालू हिट गाणी लागत. पीलचा कार्यक्रम मुख्यतः रात्रीचा, आणि त्यात कोणी नाव न ऐकलेले बँड लागत.

हे बँड त्याच्याकडे येत कुठून? टपालाने रेकॉर्ड आणि टेप येत, हे आहेच. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती एक रुक्ष प्रशासकीय अट. ब्रिटनमध्ये त्या काळी 'नीडल टाइम' नावाची भानगड होती. नीडल म्हणजे रेकॉर्डवर टेकणारी सुई. बाजारातल्या रेकॉर्ड रेडिओवर दिवसाला किती तास वाजवायच्या यावर मर्यादा होती, कारण सगळंच रेकॉर्डवरून वाजलं तर वादकांची रोजी जाईल असं वादकांच्या संघटनेचं म्हणणं होतं, आणि रेकॉर्ड कंपन्यांनाही आपला माल रेडिओवर फुकट उधळलेला नको होता. मग उरलेला वेळ भरायचा कसा? बँडना स्टुडिओत बोलवायचं, बहुधा एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित करायची आणि ती वाजवायची. यालाच 'पील सेशन' म्हणतात. अशी चार हजारांहून जास्त सेशन्स झाली, दोन हजारांहून जास्त कलाकारांची.

गंमत बघा. नियम केला होता काम असलेल्या वादकांचं काम टिकावं म्हणून. त्याचा फायदा झाला तो ज्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नाही अशा पोरांना. सूझी अँड द बॅन्शीज या बँडचं पहिलं सेशन १९७७ च्या अखेरीस झालं, आणि तेव्हा त्यांच्याशी कोणत्याही रेकॉर्ड कंपनीने करार केलेला नव्हता. म्हणजे दुकानात जाऊन हे संगीत विकत घेणं शक्यच नव्हतं. ज्याला ते संग्रहात हवं, त्याने रात्री रेडिओसमोर कॅसेट रेकॉर्डर घेऊन बसायचं. नव्या बँडची वाट आवडीच्या आधी तयार झाली, आणि ती तयार करणाऱ्यांच्या मनात नवे बँड नव्हतेच!

आता मूळ साधनाकडे येऊ. १९७६ च्या अखेरीस पीलने श्रोत्यांना त्यांची आजवरची सर्वात आवडती गाणी कळवायला सांगितली. मतं मोजून पन्नास गाण्यांची यादी झाली आणि नाताळच्या सुमारास ती प्रसारित झाली. नाव पडलं 'फेस्टिव्ह फिफ्टी'. पहिल्या क्रमांकावर लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन', म्हणजे १९७१ चं गाणं. वरच्या भागात एरिक क्लॅप्टनचं 'लेला' होतं, बॉब डिलनचं १९६५ चं 'डेसोलेशन रो' होतं. एकंदरीत लांब केसांचा, लांब गाण्यांचा, थोडा जुना झालेला संग्रह.

लक्षात घ्या, पंक तेव्हा आलं होतं. न्यूयॉर्कच्या रमोन्सचा पहिला अल्बम पील १९७६ च्या मध्यापासून वाजवत होता, आणि द डॅम्ड या लंडनच्या बँडचं सेशन त्याच डिसेंबरात लागलं. पीलचं वय तेव्हा ३७. साडेतेविसाव्या वर्षाचा हिशोब लावला तर त्याचे कान १९६३ च्या आसपासच थांबायला हवे होते. तो नव्याकडे वळला, आणि त्याच्या श्रोत्यांची यादी मात्र जुनीच राहिली.

१९७७ ला मतदान झालंच नाही. पीलने स्वतःच्या आवडीची यादी वाजवली, आणि तीही पन्नासात मावली नाही, साठच्या पुढे गेली. मग १९७८ ला पुन्हा मतदान. पहिल्या क्रमांकावर सेक्स पिस्टल्सचं 'अनार्की इन द यूके', आणि वरच्या भागावर पंकचा कब्जा. दोन वर्षांत यादी उलटीपालटी झाली.

इथे थांबू या, कारण बहुतेक लेखक इथे थांबत नाहीत. ते पटकन लिहून टाकतात की "पीलने दोन वर्षांत आपल्या श्रोत्यांची आवड बदलली." छान वाक्य आहे. पण ते या साधनातून निघतं का?

कॉलेजच्या गॅदरिंगचं उदाहरण घ्या. एका वर्षी मुलांनी एका गाण्यावर शिट्ट्या मारल्या, तीन वर्षांनी त्याच मंचावर दुसऱ्याच गाण्यावर मारल्या. मुलांची आवड बदलली का? अहो, मुलंच बदलली! तीन वर्षांत अख्खी बॅच बाहेर पडते. फेस्टिव्ह फिफ्टीचंही तेच असू शकतं. पील स्वतः पुढे सांगायचा की पंक वाजवायला लागल्यावर जुन्या श्रोत्यांची रागावलेली पत्रं आली आणि थोड्याच काळात ऐकणाऱ्यांचं सरासरी वय दहा वर्षांनी खाली आलं. हा आकडा त्याच्या आठवणीतला आहे, मोजणीतला नाही, तेव्हा 'दहा' शब्दशः धरू नका. दिशा मात्र महत्त्वाची आहे. 'स्टेअरवे'ला मत देणाऱ्या माणसाने दोन वर्षांनी 'अनार्की'ला मत दिलं असेल, किंवा तो रेडिओ बंद करून झोपला असेल आणि त्याच्या जागी पंधरा वर्षांचा पोरगा आला असेल. यादी दोन्ही बाबतींत तीच दिसते.

समूहाचा आकडा बघून व्यक्तीबद्दल बोलणं, ही चूक सिनॉप्सिसमध्ये फार सापडते. "अमुक दशकात वाचकांची अभिरुची बदलली" असं आपण सहज लिहितो. वाचक तेच होते का, हे आधी दाखवावं लागतं. व्हायवाला कोणी ना कोणी हे विचारतंच, आणि तेव्हा उत्तर तयार करायला वेळ नसतो.

शिवाय १९७७ ची जागा रिकामी आहे. ज्या वर्षी काय घडलं हे सर्वात जास्त कळायला हवं, नेमकं त्याच वर्षी निवेदकाने श्रोत्यांना विचारलं नाही. साधनातली पोकळी अशीच असते. बदल चालू असताना माणसं मोजत बसत नाहीत.

मग निवाडा कसा करायचा? माझ्या मते उत्तर १९७६ आणि १९७८ मध्ये नाही, त्याच्या पुढे आहे. नवे श्रोते खरोखर 'नव्याचे भुकेले' होते असं धरू. तसं असेल तर १९७८ नंतर यादी दरवर्षी हलत राहायला हवी. ती हलली का? १९७९ ला पुन्हा 'अनार्की' पहिलं. १९८० लाही तेच. मध्ये एकदा जॉय डिव्हिजनचं 'अॅटमॉस्फिअर' वर चढलं, आणि १९८२ ला सर्वकाळच्या यादीत पुन्हा 'अनार्की' पहिलं. ज्या पोरांनी 'स्टेअरवे'ला धक्का देऊन खाली ढकललं, त्यांनी स्वतःचं सिंहासन मांडलं आणि ते तिथून हलेनात. बंडखोरांचा संग्रह चार-पाच वर्षांत थिजला.

पीलला हे दिसत होतंच. १९८२ ला दोन याद्या झाल्या. एक नेहमीची सर्वकाळची, आणि दुसरी फक्त त्या वर्षी निघालेल्या गाण्यांची. त्या दुसऱ्या यादीत न्यू ऑर्डरचं 'टेम्प्टेशन' पहिलं आलं. पुढच्या वर्षापासून सर्वकाळची यादी बंद, फक्त चालू वर्षाची गाणी चालतील असा नियम. लगेच यादी तरुण दिसू लागली. १९८३ ला न्यू ऑर्डरचं 'ब्लू मंडे', १९८४ ला द स्मिथ्सचं 'हाउ सून इज नाउ'. आता हा तरुणपणा कानांचा की नियमाचा?

याची परीक्षा आपोआप झाली. शतक बदलताना, २००० च्या सुरुवातीला, पुन्हा एकदा सर्वकाळची यादी मागवली गेली. पहिल्या क्रमांकावर जॉय डिव्हिजनचं 'अॅटमॉस्फिअर', दुसऱ्यावर द अंडरटोन्सचं १९७८ चं 'टीनेज किक्स'. मधली अठरा वर्षं जवळजवळ दरवर्षी पन्नास नवी गाणी निवडली गेली होती. नियम उठला, आणि माथ्यावर तेच दोन-तीन वर्षांतले दिवस परत येऊन बसले.

मी याचा अर्थ असा लावते. माणसाचा आवडीचा गाभा थिजतो, इथपर्यंत हॉलब्रुक आणि शिंडलर बरोबर असावेत. पण संग्रह म्हणजे नुसता गाभा नाही. 'आजवरचं सर्वात आवडतं' विचारलं की गाभा वर येतो. 'यंदाचं काय आवडलं' विचारलं की त्याच श्रोत्यांच्या समूहाकडून पन्नास नवी नावं निघतात. कान बंद झालेले नसतात. प्रश्न बदलावा लागतो, आणि तो दरवर्षी विचारणारं कोणीतरी असावं लागतं. रेडिओची वेळ, नीडल टाइमची अट, वर्षाअखेरीचा नियम या सगळ्या व्यवस्था होत्या. संग्रहाला पाणी मिळत होतं ते या व्यवस्थांमधून. हौस एकटी तिथवर पुरत नाही.

या व्यवस्थेलाही मर्यादा होत्या, ते लपवत नाही. तेच चार-पाच बँड याद्यांमध्ये वर्षानुवर्षं दिसतात, मँचेस्टरच्या द फॉलचं तर विचारूच नका (त्यांची एकट्याची २४ सेशन्स झाली). १९९१ ची यादी पीलने त्या वर्षी वाजवलीच नाही. ती १९९३ मध्ये दर आठवड्याला एक गाणं अशी लागली. त्यात पहिलं नाव निर्व्हाणाच्या 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट'चं होतं, जे तोवर सगळ्या जगाने ऐकून झालं होतं.

साधनांविषयी थोडं, कारण तुमच्यातले काहीजण अशा विषयाकडे वळतील. पीलचा स्वतःचा संग्रह प्रचंड होता. सफकमधल्या त्याच्या घरात सुमारे २६ हजार एलपी, ४० हजारांच्या आसपास सिंगल्स आणि हजारो सीडी होत्या. एलपींची टाइप केलेली कार्डांची सूचीही होती. २०१२ मध्ये या एलपींचा काही भाग, प्रत्येक इंग्रजी अक्षराखालच्या पहिल्या शंभर या हिशोबाने, इंटरनेटवर पाहायला ठेवला गेला. बघताना हरखून जायला होतं. पण सांभाळा, हा निवेदकाचा संग्रह आहे, श्रोत्याचा नाही. काय पाठवलं गेलं हे त्यातून कळतं, काय ऐकलं गेलं ते नाही कळत.

श्रोत्याचा संग्रह वेगळीकडे आहे. बीबीसीने या कार्यक्रमांतले बरेचसे पूर्ण स्वरूपात जपले नाहीत. आज जे ऐकायला मिळतात त्यातले पुष्कळसे लोकांनी घरी रेडिओवरून टेप केलेले आहेत. या टेप सलग नसतात. नको ते गाणं लागलं की माणूस 'पॉझ' दाबतो, हवं ते लागलं की सोडतो, कधी निवेदकाचं अर्धं वाक्यही आत येतं. ध्वनिमुद्रणाचा दर्जा बघणाऱ्याला हा कचरा वाटेल. आपल्यासाठी मात्र हे एका माणसाने एका रात्री केलेलं मतदान आहे, आणि त्याच माणसाच्या दहा वर्षांच्या टेप हाती आल्या तर वर म्हटलेला 'माणूस बदलला की माणसं बदलली' हा गुंता निदान एका व्यक्तीपुरता सुटतो. छापील यादीला हे जमत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे ब्रिटनचं झालं, आपल्याकडे अशी यादी कुठे? पीलचा आवाज इथे अगदीच अनोळखी नव्हता. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसवरही त्याचा कार्यक्रम असे, आणि शॉर्टवेव्ह रेडिओ असलेल्या घराला तो लागू शकत होता. पण रॉक ऐकणाऱ्या मुंबई-पुण्याच्या पोरांच्या वाटा मुख्यतः वेगळ्या होत्या. काळा घोड्याचं 'ऱ्हिदम हाउस', जिथे विकत घेण्याआधी ऐकून बघायची सोय होती आणि जे २०१६ मध्ये बंद झालं. १९८६ पासून मुंबईत भरलेला 'इंडिपेंडन्स रॉक'. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून सुरू केलेलं 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक. अलाहाबादहून निघणाऱ्या मासिकातून मुंबईच्या वाचकाला दुसऱ्याच शहरातला नवा बँड कळावा, यात मला नीडल टाइमइतकीच मजा वाटते. आणि सगळ्यात मोठी वाट म्हणजे मित्राने भरून दिलेली कॅसेट.

त्या कॅसेटकडे साधन म्हणून बघायला शिका. ओळखीच्या कोणा काकाचा डबा मिळाला तर आधी गाणी ऐकू नका. आतल्या कागदावरचं अक्षर बघा. एकाच डब्यात चार हातांची अक्षरं असतील, तर तो संग्रह चार जणांकडून आलेला आहे. शाई आणि तारखा बघा, त्यावरून क्रम लागतो. मग कॅसेटची मागची कड बघा. भरलेलं पुसलं जाऊ नये म्हणून लोक तिथले दोन छोटे प्लास्टिकचे चौकोन मोडून टाकत. काही वर्षांनी तीच कॅसेट पुन्हा भरायची झाली, की त्या खाचेवर चिकटपट्टी लावत. मोडलेला चौकोन म्हणजे एके काळी हे जपायचं ठरलं होतं. त्यावर चिकटपट्टी असेल, तर नंतर कधीतरी जुनं पुसून नवं भरायला ते काका तयार झाले होते. मुलाखतीचा पहिला प्रश्न तिथून सुरू करा. आधी यावर काय होतं, आणि नंतर जे भरलं ते कोणी ऐकवलं होतं?